पद्मिनीची ओटी

साताऱ्याच्या शाहूपुरीत चिंतामण निकमांना ओळखत नाही असा माणूस सापडणं अवघड, आणि त्यांनी काही ना काही दुरुस्त करून दिलेलं नाही असं घर सापडणं त्याहून अवघड. उभी हयात टेलिफोन खात्यात गेली. निम्म्या साताऱ्याच्या सोयरिकी जुळल्या-मोडल्या त्या त्यांच्या कानावरून, असं लोक म्हणतात, आणि साहेबांनीही ते कधी खोडून काढलेलं नाही. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहीनात. मग शेजाऱ्यांचे मिक्सर आले, इस्त्र्या आल्या, भिंतीवरची घड्याळं आली. साहेबांच्या हातून परत गेलेली वस्तू चालायची, नाही असं नाही. पण तिच्यातला एखादा स्क्रू हमखास उरायचा. तो बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जायचा. कंपनीवाले जास्तीचे घालतात, असं ते सांगत. डबा भरला, दुसरा आला, तोही भरत आला, तरी कंपनीच्या उदारपणाबद्दल त्यांना शंका म्हणून आली नाही.

'चुकलं' हा शब्द त्यांच्या तोंडून निघालेला कुणी ऐकला नव्हता. पत्नी मायाताईंनी लग्नापासून काही वर्षं वाट पाहिली आणि मग नाद सोडला. मुलगी सई मात्र अजून वाट पाहत होती. तिचा पेशाच तसला. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तयार गिअर तपासायचे आणि केसभर फरक दिसला की नापास करायचे. दिवसभर लोखंडाला नापास करून पोरगी घरी यायची आणि संध्याकाळी बापाला करायची.

आता या दोघांच्या मध्ये ती पद्मिनी कशी आली ते सांगायला हवं.

पद्मिनी म्हणजे गाडी. सगळे तिला फियाट म्हणत, पण मायाताईंचे वडील, सांगलीचे तात्या, पद्मिनीच म्हणायचे आणि तेही घरातल्या थोरल्या लेकीला हाक मारावी तसं. रंग दुधी, गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या कडेला, आणि हॉर्न असा की गणपती पेठेतली गिऱ्हाइकं दुकानाच्या पायऱ्या चढून वर जात. चिंतामणराव आणि मायाताईंची वरात याच गाडीतून निघाली. त्या दिवशी नव्या जावयानं सहज म्हणून स्टीअरिंगला हात लावला, तर तात्यांनी तो हळूच बाजूला केला. म्हणाले, "जावयानं मागं बसायचं असतं. मान असतो तो." पुढं किती दिवाळ्या झाल्या, किती बारशी झाली, पण मान काही उतरला नाही. चिंतामणराव कायम मागच्या सीटवर, मांडीवर फराळाचे डबे. आणि सई? नातीला मात्र तात्यांनी धड दाढीही न फुटलेल्या पोरांना हेवा वाटावा अशा वयात विश्रामबागच्या मोकळ्या मैदानावर गाडी शिकवली. चिंतामणराव मैदानाच्या कडेला उभे राहून बघत होते. हसत होते, पण ते हसणं मायाताईंना अजून आठवतं.

तात्या गेले. मग एकोणीसचा महापूर आला आणि कृष्णामाई सांगलीच्या घराघरात शिरली, तशी गाडीच्या शेडमध्येही शिरली. पाणी ओसरलं तेव्हा पद्मिनीच्या छपरावर कुणाचं तरी औताचं दोरखंड आणि आत सीटवर गुडघाभर गाळ. मायाताईंचा भाऊ जयराज यानं शेडला कुलूप लावलं आणि विषय संपवला. पुढं कधीतरी एका भाऊबीजेला जेवताना तो म्हणाला की शेड मोकळी करायची आहे. मलकापूरला कऱ्हाडाशेजारी हायवेवर शिवतेज म्हणून एका पोराचं नवीन हॉटेल झालंय, त्याला दाराशी शोभेला जुनी गाडी हवीय. मधून कापणार, पुढचा भाग गल्ल्याला लावणार, मागच्या सीटवर लोक बसून फोटो काढणार.

सईच्या हातातला घास तसाच राहिला. आणि तिच्या तोंडून काही निघायच्या आत चिंतामणराव बोलून गेले की गाडी मी चालू करतो.

जयराज जेवायचा थांबला. "दाजी, तुमी? आवं, आमचा रेडिओ तुमी नीट केलासा, तवापास्नं त्येच्यावर निस्तं कन्नड लागतंय."

पंगत हसली. उमावहिनी, म्हणजे जयराजची बायको, वाढता वाढता पदर तोंडाला लावून आत गेली. चिंतामणरावांचे कान तांबडे झाले. म्हणाले, येत्या दसऱ्याला, सोनं वाटायच्या आत, स्वतः चालवत ही गाडी तुझ्या दारात आणून उभी करतो. जयराजनंही सगळ्यांदेखत शब्द दिला: आली तर गाडी सईची. न्हाई आली तर शिवतेजची, आन् मग कुनी डोळ्यात पानी आनायचं न्हाई.

गाडी टेम्पोवर चढून साताऱ्याला आली आणि निकमांच्या अंगणात उतरली. बापलेकीचा करार झाला. रविवार गाडीचा. इंजिनाला सईला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि दसऱ्याला साताऱ्याहून मलकापूरपर्यंत सई चालवेल, तिथून सांगलीपर्यंत पप्पा. जयराजच्या दारात ब्रेक लावणारा पाय पप्पांचाच असेल. हे शेवटचं कलम चिंतामणरावांनी तीनतीनदा वदवून घेतलं.

सुरुवात जोरात झाली. सीट उसवल्या, तारा नव्या ओढल्या, इंजिन खोलून गाळ काढला. गाळात एक चमचा निघाला, तो मायाताईंनी माहेरचा म्हणून ओळखला आणि घासून कपाटात ठेवला. पेट्रोलची टाकी तर आतून गंजाची खाण झाली होती. सईनं ती डिकीतून काढली, आत बारीक खडी घातली आणि रोज कारखान्यातून आली की ती टाकी मांडीवर घेऊन हलवत बसायची. आजूबाजूच्या बायकांना वाटलं, पोरगी कुठल्या तरी वाद्याचा क्लास करतेय. शेवटी टाकी आतून अशी झाली की टॉर्च मारली तर उजेड परत यायचा. आत पेट्रोलच्या नळीच्या तोंडावरची जुनी जाळी गंजून गेली होती, ती तिनं काढून टाकली. स्वच्छ टाकीला जाळी कशाला? आणि खरंच, स्वच्छ टाकीला जाळी नको असते.

अशाच एका रविवारी एक पाहुणे सईला बघायला आले होते. पोरगी गाडीखालून बाहेर आली, नाकाला ग्रीस. मुलाच्या वडिलांनी कोट काढला आणि तेच गाडीखाली गेले, कारण त्यांच्या थोरल्या भावाकडं अशीच होती. मुलगा बिचारा पोहे खाऊन मोबाइल बघत बसला. सोयरीक जमली नाही, पण मुलाचे वडील अजून फोन करतात, गाडी कुठवर आली म्हणून.

गुढीपाडव्याला टाकी परत बसली. मायाताईंच्या मनात आलं की गाडी आपल्या माहेरची. माहेरवाशीण दारात आलीय, आंघोळ करून नवी झालीय, आणि तिची ओटी नाही भरायची? त्यांनी पुढच्या सीटवर खण ठेवला, नारळ ठेवला, हळकुंड-सुपारी आणि मुठीमुठीनं तांदूळ घातले. सई हसली, फोटो काढला, आणि कामावर जाताना बापाला बजावून गेली की ते तांदूळ आधी उचला. गेल्याच आठवड्यात उंदरानं नवी तार कुरतडलीय.

मायाताई देवळात गेल्या होत्या. चिंतामणरावांनी खण कपाटात ठेवला, नारळ स्वयंपाकघरात ठेवला. राहिले तांदूळ. आता आली पंचाईत. ओटीचे तांदूळ टाकून देत नाहीत. दुसऱ्याला देत नाहीत. जिची ओटी, तिनंच ते खायचे. चिंतामणरावांच्या आईनं हे आयुष्यभर पाळलं होतं. लेकीच्या ओटीच्या तांदळाची खीर सुनेच्या ताटात कधी पडली नाही. साहेब विचार करणारे गृहस्थ. ओटी गाडीची, तर खायचे कुणी? गाडीनं. गाडी खाते कुठून? मडगार्डवरचं झाकण त्यांनी फिरवून उघडलं आणि एक मूठ, मापाची, मोठी, टाकीत सोडली. सगळे घातले नाहीत. उरलेले पाखरांना घातले, कारण अति करू नये हे त्यांना कळत होतं. झाकण लावलं. इंजिनाला तर हात लावलेला नव्हता, करारही मोडला नव्हता. समाधानानं त्यांनी चहा टाकला.

साहेबांच्या दुरुस्तीत नेहमी काहीतरी उरायचं. या वेळी पहिल्यांदाच काहीतरी जास्त पडलं.

मग सुरू झाला तो छळ.

गाडी पहिल्याच झटक्याला चालू झाली. हॉर्न वाजला, शेजारचं कुत्रं पळालं, मायाताईंनी डोळे पुसले. सईनं गाडी गल्लीतून बाहेर काढली, मोठ्या रस्त्याला लावली, वाढे फाट्यापर्यंत गाडी राणीसारखी गेली आणि तिथं ठसकली, खोकली, बंद. दहा वेळा किल्ली फिरवली, काही नाही. दोघं रस्त्याकडेला रंगुबाईच्या चहाच्या गाड्यावर बसले. चहा संपला, सहज किल्ली फिरवली, तर गाडी चालू. घरी आली. पुढच्या रविवारी पुन्हा वाढे फाटा, पुन्हा चहा.

ज्यांनी जुन्या गाड्या बाळगल्यात त्यांना ठाऊक आहे की कायमची बंद पडलेली गाडी परवडते. ही बंद पडायची आणि बरी व्हायची. डॉक्टरकडं नेल्यावर ताप उतरणाऱ्या पोरासारखी. सईनं प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटर खोलून सुईनं साफ केला, पुन्हा खोलला, पुन्हा साफ केला. पेट्रोल ओढणारा पंप खोलून त्यातला पडदा नवा घातला. प्रत्येक वेळी अंगणात गाडी झकास, आणि वाढे फाट्याला बंद. रंगुबाई आता लांबून इंजिनाचा आवाज आला की आधण ठेवायची. एकदा म्हणाली, "आवं सायेब, बैल बसला की शेपटी पिरगाळत्यात. हिला काय पिरगाळायचं आसतं, त्ये एकदा बघून घ्या की."

सांगलीला तात्यांची गाडी बघणारे बादशहाभाई मिस्त्री होते, त्यांना फोन लावला. त्यांनी तात्यांबरोबर गाडीतून जतला मेंढरांच्या बाजाराला गेल्याची गोष्ट सांगितली, तासगावला बेदाण्याचं पोतं छपरावरून पडल्याची गोष्ट सांगितली, आणि शेवटी म्हणाले की कॉइल असेल. पुढच्या वेळी पुन्हा जतपासून सुरुवात, आणि शेवटी, पंप असेल. सईनं त्यांच्या सांगण्यावरून सगळंच पुन्हा बदललं.

चिंतामणरावांचं निदान निराळंच होतं. त्यांच्या मते दोष सईच्या हातात होता. पडदा उलटा बसवलास. सुई वाकडी केलीस. कारखान्यात गिअर मोजणं वेगळं आणि गाडी वेगळी. एकदा तर म्हणाले की टाकी धुताना खडी आत राहिली असेल. सईनं हातातला पाना खाली ठेवला आणि सांगितलं की या गाडीत एकच गोष्ट शंभर टक्के स्वच्छ आहे आणि ती टाकी; मी स्वतः धुतलीय, टॉर्च मारून बघितलीय; तिच्याबद्दल पुन्हा बोलायचं नाही. चिंतामणरावांना तरी कुठं टाकीचा संशय होता? बोलायचं म्हणून बोलले होते.

त्यानंतरचे काही रविवार बापलेक एकमेकांशी मायाताईंमार्फत बोलले. मधे मायाताई भाजी निवडत बसायच्या. "त्यांना सांग, दहाचा पाना दे." "तिला सांग, पाना तिच्याच हाताखाली आहे." मायाताईंनी दोन्ही निरोप पोचवले आणि वर स्वतःचा एक घातला, की हीच अक्कल सईच्या लग्नाच्या बाबतीत वापरली असती तर दोघांनीही बरं केलं असतं.

आषाढ गेला, गणपती आले आणि गेले. गाडी काही वाढे फाट्यापलीकडं जाईना. सांगलीहून जयराजचा निरोप यायचा, वरवर अगदी प्रेमाचा, की दाजी, घाई करू नका, शिवतेज थांबायला तयार हाय.

दसरा उजाडला. सईनं मनाशी ठरवलं होतं की बंद पडेल तिथं थांबायचं, चहा प्यायचा, पुढं जायचं. असं थांबत थांबत का होईना, सोनं वाटायच्या आत सांगली गाठायची. सकाळी गाडीला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. सईनं बापाला बोट दाखवून सांगितलं, "बॉनेटच्या आत फूल नाही, अक्षता नाही, काही नाही."

"अगं, मी काय वेडा आहे का?" चिंतामणराव मनापासून म्हणाले.

मायाताई मागं बसल्या, मांडीवर उमावहिनीच्या ओटीचं ताट. दसऱ्याला भावजयीची ओटी रिकामी ठेवायची नाही, म्हणून खण, नारळ, तांदूळ सगळं घेतलेलं. चिंतामणराव सईशेजारी. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. जयराजच्या दारात स्टीअरिंगवरून उतरताना तो कसा दिसेल हे त्यांनी आरशात दोनदा बघितलं होतं.

नागठाण्याला गाडी पहिल्यांदा बंद पडली. चहा झाला. उंब्रजला पडली. पुन्हा चहा. मग आणखी दोनदा. दर वेळी थांबणं वाढत होतं आणि ऊन पुढं सरकत होतं. सई बोलायची बंद झाली होती, तिचे ओठ तेवढे हलत होते, आणि त्या काही आरत्या नव्हत्या. कऱ्हाड मागं पडलं, मलकापूर आलं, आणि गाडीनं जागा तरी कुठली निवडावी? शिवतेजच्या हॉटेलच्या बरोब्बर पुढं. शेवटचा आचका असा दिला की मायाताईंच्या मांडीवरचं ताट उलटलं आणि ओटीचे तांदूळ मागच्या सीटवर पसरले.

शिवतेज धावतच बाहेर आला. पोरगा गुणी, नमस्कारच घातला सगळ्यांना. मग गाडीभोवती एक फेरी मारली, खिशातून मोजायचा टेप काढला आणि पुढच्या दाराच्या कडेला लावून बघितला. "काका, काळजी करू नका," तो म्हणाला. "फार नाही, मधनंच कापायची हाय."

सईनं किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. मग किल्ली तशीच सोडून ती खाली उतरली आणि हॉटेलच्या पायरीवर जाऊन बसली. हात कोपरापर्यंत काळे. ऊन आता तिरपं झालं होतं, आणि सांगली पेठ नाक्याच्या, आष्ट्याच्या पलीकडं. इतके महिने चिडलेली, भांडलेली पोरगी आता चिडलेलीही दिसत नव्हती. तेच बघवत नव्हतं.

"पप्पा, बास," ती म्हणाली. "देऊन टाका त्याला. मला नाही सापडत काय होतंय ते."

चिंतामणराव मागच्या दाराशी वाकून उभे होते, कारण मायाताईंनी त्यांना कामाला लावलं होतं. ओटीचे तांदूळ पायदळी जाता कामा नयेत, एकेक वेचा. सीटच्या चुणीत दाणे बसले होते. बोट घातलं की दाणे खाली सरकायचे, चुणीच्या तोंडाशी जमायचे आणि गच्च बसायचे. बोट काढलं की सुटे होऊन मागं पसरायचे. चिंतामणरावांनी बोट घातलं. काढलं. पुन्हा घातलं. आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

पाडवा आठवला. खण, नारळ, मडगार्डवरचं झाकण. मापाची मूठ. आणि वाढे फाटा, नागठाणं, उंब्रज. इंजिन ओढायला लागलं की दाणे नळीच्या तोंडाशी जमणार. इंजिन थांबलं की चहा होईपर्यंत सुटणार.

आता आतली गोष्ट सांगायला हरकत नाही. त्यांनी लगेच तोंड उघडलं नाही. गप्प बसलं तर काय होईल, हे त्यांनी मोजून बघितलं. गाडी कापली जाईल, तांदूळ शिवतेजच्या भंगारात जातील, आणि दोष कॉइलवर नाहीतर बादशहाभाईंवर जाईल. निकमांच्या नावाला ओरखडा नाही. बोललं तर मात्र आयुष्यभर पाळलेला नियम इथं, हायवेवर, टेप हातात घेतलेल्या माणसासमोर मोडायचा. त्यांनी पायरीवर बसलेल्या सईकडं बघितलं. ती झेंडूच्या माळेतलं एक फूल कुस्करत होती.

ते तिच्यापाशी गेले. खाकरले.

"सई, टाकी खोल."

"टाकी मी धुतलीय." तिनं मानही वर केली नाही.

"तू धुतलीस. नंतर मी त्यात तांदूळ घातले."

सईनं मान वर केली. शिवतेजचा टेप सर्रकन आत गेला. मागच्या सीटवरून मायाताईंनी डोकं बाहेर काढलं.

"कसले तांदूळ?"

"ओटीचे. गाडीच्या."

सईनं शांतपणे विचारलं, "किती?"

"मूठभर."

"कुणाची मूठ?"

चिंतामणरावांनी स्वतःच्या पंजाकडं बघितलं. तो लहान नव्हता. "चुकलं माझं," ते म्हणाले. मायाताईंनी एके काळी ज्याची वाट पाहिली होती तो शब्द असा हायवेच्या गोंगाटात निघाला, आणि त्यांना नीट ऐकूही आला नाही. त्या 'काय म्हणाले, काय म्हणाले' करत राहिल्या. पुन्हा कुणी सांगितलं नाही.

सई उठली. रागावायलाही वेळ नव्हता. शिवतेजला म्हणाली, बादली दे आणि चहाची मोठी गाळणी दे, आणि तुझी माणसं विस्तवापासून लांब उभी कर. बिचाऱ्याच्या हातची गाडी निसटत होती, पण सणाच्या दिवशी बाईमाणसाला नाही कसं म्हणणार? त्यानं गाळणी दिली. टाकीच्या बुडाचा नट सोडला, पेट्रोल बादलीत आलं, आणि गाळणीत दाणे जमू लागले. एक, दोन, मग घोळकाच. सहा महिन्यांत एक दाणा शिजला नव्हता की फुगला नव्हता. चांगला आंबेमोहोर होता. सईनं नळी काढून तोंडानं फुंकली, तिच्यातूनही दोन दाणे टपकले. ते तिनं तळहातावर घेतले, बापापुढं धरले आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात टाकले.

पेट्रोल गाळून परत भरलं. किल्ली फिरली. इंजिन असं लागलं की हॉटेलातली माणसं उठून उभी राहिली.

चिंतामणराव ड्रायव्हरच्या बाजूनं गेले. मलकापूर आलं होतं. कराराप्रमाणं इथून पुढं त्यांची पाळी. सई स्टीअरिंगवरच बसली होती. तिनं काच खाली केली.

"पप्पा, मागं बसा."

"अगं, ठरलं होतं..."

"मागं बसा. मान असतो तो."

त्यांनी मायाताईंकडं बघितलं. मायाताई आधीच सरकून जागा करत होत्या. शिवतेज दार उघडून धरून उभा होता. चिंतामणराव मागं बसले. मांडीवर ओटीचं ताट आलं.

पेठ नाका गेला. आष्टा गेलं. गाडी एकदाही ठसकली नाही. आणि मैलागणिक चिंतामणरावांना वाटत होतं की आता तरी एकदा बंद पडावी, म्हणजे निदान आणखी काहीतरी बिघडलेलं होतं एवढं तरी सिद्ध होईल. नाही पडली. सई सगळ्या वाटेनं त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. आरशात एकदा नजरानजर झाली, तेव्हा ती हसू दाबत होती की राग, हे त्यांना कळलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती.

सांगलीत शिरले तेव्हा लोक नुकते सोनं घेऊन बाहेर पडत होते. तात्यांच्या गल्लीत सईनं हॉर्न दिला. जयराज हातात आपट्याची पानं घेऊन दारात आला, गाडी बघितली, पुढं सई बघितली, मागं दाजी बघितले.

"आलासा म्हना की," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पर मागंच बसून."

चिंतामणरावांचा हात खिशात गेला, तिथं दोन दाणे होते.

तेवढ्यात उमावहिनी आतून भाकरतुकडा घेऊन आली. तिनं गाडीवरून ओवाळून टाकला, काचेला कुंकू लावलं, डोळे भरून म्हणाली की तात्यांची पद्मिनी माहेरी आली, तिला रिकामी कशी ठेवायची, थांबा, ओटी भरते. आणि ओंजळभर तांदूळ घेऊन ती गाडीच्या कडेनं पुढं आली.

सई एका बाजूनं उतरली, चिंतामणराव दुसऱ्या बाजूनं. दोघांचे हात मडगार्डवरच्या झाकणावर एकदमच पडले.